इंदूआक्का आणि राखणीचा जावई

रोपं घ्यायला येणारी माणसं अजूनही मला विचारतात, "बाई, इथं एक भलामोठा कुत्रा होता ना? गव्हाळ अंगाचा, काळ्या तोंडाचा? तसला घ्यायचा विचार आहे बंगल्याला. राखणीला कसा असतो?"

मी तोंड उघडायच्या आधीच माझ्या डोक्यात इंदूआक्का बोलायला लागतात. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "राखणीला लय चांगला शे. फक्त कोनी कोनले राखानं, ते आधी ठरवा."

आक्का सटाण्याकडच्या. गिऱ्हाइकाशी शहरी बोलायच्या, माझ्याशी अर्धं अहिराणी, आणि कुत्र्याशी पूर्ण अहिराणी. नवरा गेल्यावर नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावरची ही नर्सरी त्यांनी एकटीनं चालवली. द्राक्षाची कलमं, गुलाब, मोगरा, कढीपत्ता. नर्सरीच्या कोपऱ्यातच दोन खोल्यांचं घर. उंची माझ्या खांद्याएवढी, पण बोलायला लागल्या की पलीकडच्या वस्तीवरची माणसं "काय झालं?" म्हणून हाका मारायची.

मी सेनगावकडची, हिंगोली जिल्ह्यातली. सातवीत शाळा सुटली. पुढं लग्न झालं, मालकांना सातपूरच्या कंपनीत काम लागलं आणि चाळिशीला आल्यावर मी नाशिकला आले. इथं माझं कुणीच नव्हतं. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. फोन वाजला की वाटते, वाजला नाही तर जास्त वाटते. नर्सरीत मातीच्या पिशव्या भरायला बाई पाहिजे असं कळलं म्हणून गेले, तर गेटातच हा उभा. मी आधी वासरूच समजले. वासरानं जांभई दिली आणि मला त्याचे दात दिसले. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी पाण्याच्या टाकीवर बसलेली होते आणि खालून एक ठेंगणी म्हातारी मला चहाचा कप वर देत होती.

"घाबरी ऱ्हायनी का?" आक्का म्हणाल्या.

"नाही," मी टाकीवरून म्हणाले.

"मंग वरच बसून चहा पे. कोठली तू?"

"हिंगोलीकडची."

"नाव राहू दे, हिंगोलीच बरं." तेव्हापासून मी हिंगोली. सहा वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

चहा संपल्यावर त्यांनी मला खाली उतरवलं आणि त्या कुत्र्यापुढं उभं केलं. मग लग्नात करून देतात तशी रीतसर ओळख करून दिली. "जावईबापू, ही हिंगोली. आजपासून कामाले शे. हिंगोली, हे आमचे जावई. राम राम घाल."

मी डोळे मिटून राम राम घातला. कुत्र्यानं माझ्या पदराला लाळ पुसली. झाली ओळख.

कुत्र्याचं नाव जावई कसं पडलं, हे आक्का कुणालाही सांगायच्या. मालेगावच्या एका माणसाकडून त्यांनी हे मास्टिफचं पिल्लू आणलं. "ह्याच्या जातीत राखण रक्तात असते," असं त्या माणसानं सांगितलं होतं. पिल्लू वर्षात खताच्या काट्यावर ऐंशी किलो भरलं. "आन् काम काय करतो? चांगलंचुंगलं खातो, सावली पाहून झोपतो, आन् उठला का सगळ्यांनी बाजूला सरायचं. मंग दुसरं काय नाव ठेवू?"

खरे जावई, प्रशांतराव, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. भला माणूस. त्यांच्यासमोर सुद्धा आक्का बिनदिक्कत ओरडायच्या, "हिंगोली, जावयाच्या तोंडाची लाळ पूस!" प्रशांतराव आपलं तोंड पुसून घ्यायचे.

राम राम घालायची ती पद्धत नुसती माझ्यापुरती नव्हती. गेटात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची जावयाशी ओळख करून दिली जायची. मीटर बघायला येणारा, खताचा टेम्पोवाला, देवळ्याहून रोपं न्यायला आलेले शेतकरी, एकदा तर मतदारयादी तपासायला आलेल्या दोन शिक्षिका. सगळ्यांना आधी गूळपाणी, मग ओळख. माणूस राम राम म्हणायचा, जावई त्याचा हात चाटायचा. आक्कांचं म्हणणं असं, की राखणदाराला माणसं माहीत पाहिजेत. "वळख नसली तर कोनाले सोडायचं आन् कोनाले धरायचं, त्याले कसं कळंल?"

बोलणं पटण्यासारखं होतं. फक्त झालं असं, की वळख नाही असा माणूस त्या बाजूला उरलाच नाही. जावई सगळ्यांना आपल्या सासरचं समजायचा.

मला मात्र तिथं बरं वाटायला लागलं. आक्कांनी मला पाट्या लिहायला बसवलं. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं रोपाचं नाव कोरायचं आणि तारेनं बांधायचं. माझं अक्षर बघून आक्का म्हणाल्या, "हा मोगरा शे का मुंगळा?" आणि परत लिहायला लावलं. स्वतः सहावी शिकलेल्या, पण वेलांटी चुकली की पट्टी वाकवून फेकून द्यायच्या. सातवीनंतर माझ्या हातात पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही आलं ते तो खिळा. हे सगळं मी आज लिहू शकते ते त्यामुळं. उपकार हा शब्द आक्कांपुढं काढायची सोय नव्हती. एकदा काढला तर म्हणाल्या, "उपकार फेडायचे असतील तर कढीपत्त्याच्या शंभर पिशव्या भर."

पाण्याच्या मोटरची गोष्ट मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती.

आक्का सकाळी पंचवटीत भाजी बाजाराला गेल्या होत्या. मी शेडनेटमध्ये कलमांना पाणी देत होते. एक माणूस पाना-पकड घेऊन आला. इतका सहज आला की मला वाटलं, आक्कांनीच मोटर दुरुस्तीला बोलावला असेल. जावई उठला. मला वाटलं, आता हा भुंकणार. तो जवळ गेला आणि त्यानं डोकं पुढं केलं. माणूस आधी पांढराफटक पडला. मग कुत्रं नुसतं उभं आहे असं बघून त्यानं भीत भीत डोकं खाजवलं. मोटर सोडवली, खांद्यावर घेतली. जावई त्याच्या बरोबरीनं चालत गेटापर्यंत गेला आणि तो मोटारसायकलवर बसून दिसेनासा होईपर्यंत शेपटी हलवत उभा राहिला.

आक्का आल्या. "मोटर कोठे शे?"

मी सांगितलं. आता काम गेलं, आता गावी जावं लागणार, असं सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. आक्कांनी मोटरच्या रिकाम्या ओट्याकडं बघितलं. मग जावयाकडं बघितलं. तो खूष होता.

"पाव्हण्याले पोचवाले गेला," आक्का म्हणाल्या. "रीत तर बरोबर शे." मग माझा हात धरून त्यांनी तो जावयाच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. मीनाले हे कळता कामा नये."

मीना म्हणजे त्यांची एकुलती लेक, प्रशांतरावांची बायको. तिचं म्हणणं दोन वर्षांपासून चालू होतं, की आईनं एकटीनं तिथं राहू नये, नर्सरी भाड्यानं द्यावी आणि पुण्याला यावं. आक्कांचं उत्तर एकच, "मी एकटी कोठे शे? ऐंशी किलोचा जावई शे ना घरात." लेकीला थोपवून धरणारी तेवढीच एक भिंत होती. आणि भिंतीनं नुकतीच चोराला शेपटी हलवून वाट दाखवली होती.

मी शपथ घेतली. त्यानंतर मीनाताईंचा फोन आला की मी कढीपत्त्याच्या वाफ्यात लपायचे.

तरी संशय यायचा तो आलाच. पुढच्या वेळी पुण्याहून आल्यावर नवी मोटर बघून प्रशांतरावांनी विचारलं, जुनीला काय झालं. आक्का म्हणाल्या, "म्हातारी झाली." प्रशांतराव संध्याकाळी फोनवर वाचत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, ऐका. मास्टिफ शांत स्वभावाचा असतो. घरच्या माणसांना जीव लावतो. आकारामुळे परका माणूस बिचकतो. पण राखणीसाठी लहानपणापासून शिकवावं लागतं, नाहीतर तो नुसता लोळतो."

"त्यात तुमचं नाव पण शे का?" आक्कांनी विचारलं.

प्रशांतराव हसले, पण मग माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही सांगा. खरं सांगा. हा राखण करतो का?"

शपथ एकीकडं आणि तो भला माणूस एकीकडं. मी म्हणाले, "साहेब, मला त्याची अजून भीती वाटते."

हे खरं होतं. पण त्यांना जे पाहिजे होतं ते त्यात नव्हतं, आणि आक्कांना जे पाहिजे होतं तेही नव्हतं.

शेवटी आक्काच म्हणाल्या, "मंग परीक्षा घ्या."

परीक्षा अशी ठरली. रविवारी सकाळी प्रशांतराव स्वतः चोर होऊन मागच्या कुंपणातून येणार. समोरच्या रांगेतली मोगऱ्याची कुंडी उचलून गेटाबाहेर नेणार. कुंडी बाहेर गेली, तर आक्का दिवाळीला पुण्याला, कायमच्या. कुंडी आत राहिली, तर हा विषय परत काढायचा नाही. आक्कांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, हाक मारायची नाही. जावयानं ओळखू नये म्हणून प्रशांतराव डोक्यात हेल्मेट घालणार होते.

"पण चावला तर?" मीनाताई फोनवर रडकुंडीला आल्या.

हे ऐकून मला रात्रभर काळजी लागली. ऐंशी किलोचा कुत्रा आणि आमचे प्रशांतराव, त्यांच्या मनगटाएवढी तर त्याची शेपटी. म्हणून मी सकाळी लवकर येऊन त्यांच्यासाठी गोणपाटाचा जाड अंगरखा शिवायला बसले, पायघोळ आणि हाताला चिलखतासारख्या बाह्या. दाभण होतं, सुतळी होती. गोणपाट मात्र नवं सगळं कलमांना गुंडाळायला गेलेलं. कोरडी, मऊ, न टोचणारी अशी चार पोती मला सापडली, ती मी घेतली. कांद्याच्या व्यापाऱ्याचा शिक्का होता त्यांच्यावर. शिवून झाल्यावर प्रशांतरावांनी ते अंगात घातलं. वर हेल्मेट, खाली गोणपाट, पाठीवर निळ्या अक्षरात "कांदा नं. १".

आक्कांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "शोभतं," म्हणाल्या.

नऊच्या सुमारास चोर कुंपणातून आला. एक पाय तारेत अडकला, तो सोडवायला त्यानं "एक मिनिट हं" असं म्हटलं. जावई शेडखाली इकडून तिकडं फिरत होता. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसायचा, उठायचा, जमीन हुंगायचा, परत बसायचा. चोर त्याच्या चार हातांवरून गेला. त्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

चोरानं कुंडी उचलली. आक्कांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे त्या गुलाबांच्या रांगांवरून, टाकीवरून, घराच्या दारावरून फिरत होते, जसं काही सगळं मोजून घ्यायचं राहिलं होतं. त्या बाईला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गेट वीस पावलांवर होतं. मग दहा. मग वाऱ्याची झुळूक आली आणि जावयानं नाक वर केलं.

तो धावला नाही. धावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो चालत निघाला, कामावर उशीर झालेल्या माणसासारखा जरा भरभर. गेटापाशी त्यानं चोराला गाठलं, मागून दोन्ही पंजे खांद्यावर ठेवले आणि नुसता टेकला. प्रशांतराव आधी गुडघ्यावर आले, मग कुशीवर, मग उताणे, पण कुंडी त्यांनी दोन्ही हातांनी वर धरून ठेवली होती. मोगऱ्याचं एक पान हललं नाही. जावयानं त्यांच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, पंज्यानं पोटावरचं गोणपाट सारखं केलं आणि अंग टाकलं. दोन मिनिटांत घोरायला लागला.

"आई!" हेल्मेटमधून आवाज आला. "आई, ह्याला उठवा!"

आक्का सावकाश चालत गेल्या. "प्रशांतराव, कुंडी कुठं आहे?"

"माझ्या हातात!"

"आणि आपण कुठं आहात?"

हेल्मेट गेटाकडं वळलं. मग बारीक आवाजात, "गेटाच्या आत."

"मंग झालं," आक्का म्हणाल्या.

जावई उठेना. भाकरी दाखवली, एक डोळा उघडला, मिटला. कोंबडीची तंगडी दाखवली, तो पडल्या पडल्याच खाऊन मोकळा. आम्ही दोघींनी ओढून बघितलं, तर आमच्याच चपला घसरल्या. शेवटी आक्कांना आठवलं की जावई उपाशी आहेत, म्हणजे खालचे. त्यांनी पोहे आणले, हेल्मेटची काच वर केली आणि शेजारी पाट घेऊन एकेक चमचा भरवायला बसल्या.

"लिंबू पिळू का?"

"पिळा."

मीनाताईंचा फोन आला. प्रशांतरावांनी कुंडी शेजारी टेकवून एक हात मोकळा केला. "अगं, तो माझ्यावर झोपलाय... नाही, चावला नाही... झोपलाय... पोहे." मग आमच्याकडं बघून म्हणाले, "ती म्हणतेय फोटो पाठवा."

अखेर मी कात्री घेतली आणि अंगरख्याची शिवण बगलेपासून खाली उसवली. प्रशांतराव बनियन आणि हाफ पँटवर इंच इंच सरकत बाहेर आले, आणि कुत्रा गोणपाटावर तसाच झोपून राहिला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती चार पोती मला शेडखालच्या ढिगातून मिळाली होती. तो ढीग म्हणजे जावयाचं अंथरूण. गडी सकाळपासून आपली गादी शोधत होता, आणि ती गेटाबाहेर चालली होती.

प्रशांतराव शब्दाचे पक्के. कपडे झटकून म्हणाले, "आई, विषय संपला. तुम्ही इथंच राहा." मोगऱ्याची कुंडी त्यांनी स्वतः रांगेत नेऊन ठेवली.

ते गेल्यावर मला राहवेना. मी आक्कांना सगळं सांगून टाकलं, की चूक माझी, पोती त्याच्या अंथरुणातली, ही काही खरी राखण नव्हे. रडायलाच लागले.

आक्का तंबाखू चोळत होत्या. "मले काय सांगतीस? सात पोत्यांची तीन झाली, ते मी सकाळीच पाह्यलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं ना?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर आक्का दोन वर्षं तिथं राहिल्या. रुबाबात राहिल्या. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला ती गोष्ट सांगायच्या, आणि दर वेळी प्रशांतराव जरा आणखी पुढं जाऊन धरले जायचे. शेवटी शेवटी तर ते गेटाच्या बाहेर पोचले होते आणि जावयानं त्यांना तोंडात धरून आत आणलं होतं.

मग जावयाचे मागचे पाय गेले. एवढ्या मोठ्या कुत्र्यांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. वजन पेलत नाही. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी त्याच्या पोटाखालून पोतं घालून, एक इकडून एक तिकडून, त्याला उचलून उन्हात न्यायचो आणि सावलीत आणायचो. आक्कांचं वय सत्तरीला टेकलेलं. एक दिवस त्या पोत्यासकट खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. "हिंगोली," म्हणाल्या, "मी उचलू नाही शकत त्याले."

मीनाताईंना फोन मी केला. ह्या वेळी लपले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशांतराव आले. ते जिंकल्यासारखे काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "आई, आम्ही तळमजल्यावर घर घेतलंय भाड्यानं. पायरी नाही. उचलायला आम्ही दोघं आहोत. तुमच्यासाठी म्हणत नाही मी. ह्याच्यासाठी चला."

आक्कांनी बराच विचार केला. "मी हरले नाही, एवढं लिहून द्या."

त्यांनी खिशातून पेन काढलं, तर आक्का म्हणाल्या कागद नको. मी पत्र्याची पट्टी आणली आणि खिळा दिला. कॉम्प्युटरवाल्या माणसानं गुडघ्यावर पट्टी ठेवून कोरलं, "सासूबाई हरलेल्या नाहीत." आक्कांनी वेलांट्या तपासल्या आणि पट्टी पिशवीत टाकली. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नर्सरी तू बघ. रोज फोन करीन. मोगरा नीट लिहीत जा."

पिकअप आली. जावयाला मागं ठेवलं तर ऊन लागेल, हादरे बसतील, म्हणून त्याला पुढं ड्रायव्हरशेजारी गादी घालून बसवलं. सगळी सीट त्यालाच पुरली. मागच्या हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या. एकीवर आक्का, एकीवर प्रशांतराव छत्री धरून. मला वाटलं होतं आक्का वळून नर्सरीकडं बघतील, माझ्याकडं बघतील. मी त्यासाठी डोळे पुसून उभी होते. पण गाडी हलली तशी त्या ड्रायव्हरवर ओरडायला लागल्या, की हळू चालव, पुढं जावई शे. रस्त्याला लागताना गतिरोधक आला. खुर्च्या उडाल्या, छत्री उलटी झाली, प्रशांतराव तोल जाऊन हौद्याच्या कडेकडं कलंडले, आणि आक्कांनी एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं शेजारच्या जावयाची कॉलर मागून पकडली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते. त्यांनी ती सोडली नव्हती.